दोन सशांसाठी एक चंद्र

आमच्या घरात माझ्या मालकीचं फारसं काही नाही, हे लग्नानंतर लवकरच माझ्या लक्षात आलं होतं. पण मीच कुणाच्या तरी मालकीचा आहे, हे कळायला अर्धं आयुष्य आणि एक ससा लागला.

गिरगावातल्या आमच्या केळुसकर चाळीत, आमच्या दोन खोल्यांत, दोन ससे आले. ते आमच्या मुलीने, श्रेयाने आणले आणि मग ती नोकरीसाठी बंगळुरूला निघून गेली. याहून जास्त तपशील देण्यात अर्थ नाही. घरोघरी प्राणी असेच येतात. मोठ्याचं नाव मनू, धाकट्याचं नील. दोघेही पांढरेशुभ्र, दोघेही नर, आणि दोघांचंही ऑपरेशन झालेलं. हे शेवटचं वाक्य मी चाळीत इतक्या जणांना सांगितलं आहे, की हल्ली कुणी नुसतं 'काय म्हणताय?' असं विचारलं तरी तोंडात तेच येतं.

तर एका सकाळी मी पेपर वाचत बसलो होतो. मनू मोरीतून बाहेर आला, खोलीभर नजर टाकत फिरला, माझ्या डाव्या पायाशी थांबला आणि त्याने आपली हनुवटी माझ्या चपलेच्या पट्ट्यावर घासली. सावकाश, विचारपूर्वक. मग अंगठ्यावर घासली. मग माझ्याकडे न बघता परत मोरीत गेला. मला काहीतरी गंभीर झाल्यासारखं वाटलं, म्हणून मी सशांच्या डॉक्टर अनुजा यांना फोन केला.

"अहो, अभिनंदन!" त्या म्हणाल्या. "त्यांच्या हनुवटीखाली गंध असतो. ज्या वस्तूवर घासतात ती आपली, असं जाहीर करायची पद्धत आहे ती. त्याने तुम्हाला घेतलंय."

मी फोन ठेवला आणि बराच वेळ अंगठ्याकडे बघत राहिलो. ऑफिसात माझी खुर्चीसुद्धा माझी नाही. रजेवरून परतलो की ती दुसऱ्याच खात्यात सापडते. आणि इथे एका सजीवाने, कुणीही न सांगता, शुद्धीत असताना मला आपलं म्हटलं होतं. त्या दिवशी आंघोळीत मी डावा पाय जरा जपूनच धुतला.

आता आंघोळीवरून मुद्द्यावर येतो. ससे मोरीत राहत होते, पाण्याच्या पिंपामागे. मोरीला पडदा आहे, पण ससे पडद्याच्या आतल्या बाजूला.

"मी रोज सकाळी दोन परपुरुषांसमोर आंघोळ करत्येय," पद्मजा एके दिवशी म्हणाली.

"त्यांचं ऑपरेशन झालेलं आहे," मी म्हणालो.

पद्मजा बँकेत आहे. कर्जाच्या अर्जाकडे ती ज्या नजरेने बघते, त्या नजरेने तिने माझ्याकडे बघितलं आणि अटी सांगितल्या. येत्या रविवारपर्यंत सशांना त्यांची स्वतःची जागा झाली पाहिजे. मोरीत नाही, स्वयंपाकघरात नाही. ते तिथे नीट राहिले पाहिजेत, खाल्लं-प्यायलं पाहिजे. शिवाय चाळ कमिटीची परवानगी हवी, कारण मागून कुणी बोललेलं तिला चालणार नाही. हे जमलं तर ठीक. नाहीतर रविवारी तिच्या धाकट्या भावाची बायको प्रिती येणारच आहे. तिच्याबरोबर ससे वसईला.

वसईला प्रितीचं बैठं घर आहे, मागे अंगण, अंगणात गवत. वाईट एवढंच होतं की पद्मजाचं म्हणणं चुकीचं नव्हतं. वसईला सशांचं भलं होईल याबद्दल कुणालाच शंका नव्हती. माझं काय होईल, हा मुद्दा कुणी काढला नाही, आणि स्वतःहून काढायला मला लाज वाटली. या वयाचा माणूस 'मला सशाने घेतलंय' असं बायकोला कुठल्या तोंडाने सांगणार?

चाळीत बातमी पोचायला गॅलरीतून एक चक्कर पुरते. शेजारच्या मीराकाकू लसूण सोलता सोलता दारात आल्या. "रघुवीर, पिंजऱ्यात ठेवू नकोस हो, तळतळाट लागतो. मोकळे सोडू नकोस, मांजर लागतं. आणि काही झालं तरी सशाचं तोंड भिंतीकडे करू नये. घर विकावं लागतं."

"काकू, आपल्या खोल्या पागडीच्या आहेत. विकता येत नाहीत."

"म्हणजे बघ, किती पिढ्या ससे भिंतीकडे बसले असतील!" काकू म्हणाल्या. हे तर्कशास्त्र मला आजतागायत उलगडलेलं नाही.

तिसऱ्या मजल्यावरचा विकास संगणकातला. त्याने मोबाइलवर मला परदेशातले ससे दाखवले. त्यांना स्वतःची खोली होती, खोलीला खिडकी, खिडकीखाली उतार, उताराखाली बोगदा.

"काका, मिनिमम एवढी स्पेस लागतेच. कमी दिली तर त्यांना स्ट्रेस येतो."

"विकास, एवढी जागा तुझ्या आईवडिलांना मिळाली आहे का?"

"काका, तो वेगळा इश्यू आहे."

अनुजाबाईंनी मात्र सोपं करून सांगितलं. लपायला एक अंधारी जागा. पायाखाली न घसरणारं काहीतरी. आणि समोर सतत गवत. "ससा सारखा खात राहिला पाहिजे. अर्धा दिवस त्याने खाल्लं नाही, तर त्याच्या जिवावर बेतू शकतं. मला लगेच फोन करायचा," त्या म्हणाल्या. मी मान डोलावली. अंधाऱ्या जागेची अट तर आपोआपच पुरी झाली असं मी धरलं. आमच्या दोन्ही खोल्या अंधाऱ्याच आहेत. राहिलं गवत.

गिरगावात गवत मिळत नाही असं नाही. आमच्याजवळच्या देवळाबाहेर एक बाई गाय घेऊन बसतात. शेजारी गवताच्या जुड्या. मी एक जुडी घेतली आणि पिशवीत घातली. गाय माझ्याकडे बघायला लागली. बाईही.

"सायेब, पिशवीत कुटं?"

"घरी न्यायचंय."

"घरी गाय हाय?"

"ससे आहेत."

"आवं, सशाचं पुण्य नसतंय."

"मला पुण्य नकोय हो, गवत हवंय!"

मागे उभ्या असलेल्या गृहस्थांनी घसा साफ केला. देवळाच्या दारात उभं राहून 'मला पुण्य नको' असं ओरडणारा माणूस त्यांनी बहुधा प्रथमच पाहिला असावा. आणि ते आमच्या ऑफिसच्या शेजारच्या इमारतीतले निघाले.

"गवत गाईचं हाय," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुमी घालायचं, हात जोडायचे. पार्सल न्हाई."

शेवटी तोडगा निघाला: एक जुडी गाईला, एक सशांना. गाईच्या वेळी हात जोडायचे. सशांच्या जुडीच्या वेळी बाई दुसरीकडे बघणार. तेव्हापासून माझ्यावर दोन ससे आणि एक गाय अवलंबून आहेत. गाय मला लांबून ओळखते. रस्त्यात भेटली की चालत जवळ येते, आणि लोक माझ्याकडे आदराने बघतात.

आता जागा. इथे मी जी चूक केली ती दुसरीकडे कुठे कुणी केली असती असं मला वाटत नाही. दुसरीकडे माणूस सुताराला बोलावतो. आमच्याकडे काही उभं करायचं म्हटलं की एकच नाव डोळ्यांसमोर येतं: डिलाईल रोडचे गुणाजीकाका. मिल बंद पडल्यापासून गुणाजीकाका मखरं आणि देखावे करतात. आमच्या चाळीच्या गणपतीचा देखावा त्यांचाच. माघी गणपती होऊन गेले होते आणि भाद्रपद लांब होता. अशा मधल्या काळात कलावंताला काम सांगू नये, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

गुणाजीकाका आले. खोलीच्या मधोमध उभे राहिले. एक डोळा मिटला.

"रघू, माका एक सांग. पब्लिक खंयसून बघतला?"

"पब्लिक नाही, काका. दोन ससे आहेत. त्यांना राहायला जागा हवी."

"होय रे. पण बघतला खंयसून?"

मी दाराकडे बोट दाखवलं, कारण आम्हाला दार एकच आहे.

"बरा. इषय काय?"

"ससे."

"ते मूर्ती झाले. देखाव्याचो इषय काय?"

मखराला विषय असतो, घराला नसतो, हा फरक त्या क्षणी मला मांडता आला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण गुणाजीकाकांनी मान वर केली होती. ते पंख्याकडे बघत होते. पंख्याच्या पलीकडे, वरच्या मजल्याच्या पलीकडे, कौलांच्याही पलीकडे बघत होते.

"चंद्र," ते हळूच म्हणाले. "ससो खंय रवता? चंद्रार. आमच्या आजयेन दाखवलेलो माका."

मी पदवीधर आहे. चंद्रावर ससा नाही, ते खळग्यांचे डाग आहेत, हे मला ठाऊक आहे. पण त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे काही उजळलं होतं, त्याला मी पदवी दाखवू शकलो नाही.

दुसऱ्या दिवसापासून चंद्र चढायला लागला. कामट्यांचा सांगाडा, वर पुठ्ठा, त्यावर कागदाचा लगदा, त्यावर शाडू. पद्मजाच्या सगळ्यात मोठ्या पातेल्यात खळ शिजू लागली. माझा दिवाण गॅलरीत गेला, पाठोपाठ मीही. येणारेजाणारे मला पांघरुणात बघून 'काय, भांडण?' असं विचारत, आणि 'नाही, चंद्र' या माझ्या उत्तराने त्यांची खात्रीच पटत असे. त्यातच माझी डावी चप्पल नाहीशी झाली. मी एका पायात घरची आणि एका पायात मोरीतली अशा दोन जातींच्या चपला घालून वावरू लागलो. आधीच मुळात थोडी असलेली माझी प्रतिष्ठा त्या आठवड्यात डावीकडे जरा कललीच.

शुक्रवारी संध्याकाळी पद्मजा बँकेतून आली. गुणाजीकाकांनी तिला दारातच थांबवलं आणि बटण दाबलं.

काय सांगू? जिथे आमचं शोकेस होतं तिथे काळं आकाश होतं. आकाशात तारे लुकलुकत होते. जमिनीपासून छातीपर्यंत चंद्राचा पांढरा उतार चढत गेला होता. त्यावर खळगे, कडा, सावल्या. वर उजवीकडे, जुन्या पंख्याच्या मोटरीवर, निळी पृथ्वी फिरत होती. दर फेरीला भारत समोर यायचा आणि निघून जायचा, आणि त्याबरोबर गिरगावही, आमची चाळही, दारात उभे आम्हीही. चंद्राच्या माथ्यावर एक सपाट जागा होती, दाराकडे तोंड केलेली. तिथे मनू आणि नील.

पद्मजा खांद्याला पर्स तशीच ठेवून उभी राहिली. "अगं बाई," ती म्हणाली. पद्मजा 'अगं बाई' म्हणणाऱ्यांतली नाही. सोन्याचे भाव पडले तेव्हाही ती म्हणाली नव्हती. मी तिच्या शेजारी उभा राहिलो. आमच्याच घराच्या उंबऱ्याशी आम्ही दोघं, पाहुण्यांसारखे उभे होतो.

राहिली परवानगी. कमिटीचे सेक्रेटरी रमाकांत शनिवारी सकाळी आले ते नाही म्हणायलाच.

"रघुवीर, नियमांत कुत्रा ठरलेला आहे. मांजर ठरलेलं आहे. पोपटसुद्धा ठरलेला आहे. ससा ठरलेला नाही. ठरवायचा तर सभा बोलवावी लागेल, सभेला नोटीस लागेल..."

बोलता बोलता त्यांनी आत बघितलं. ते थांबले. मग हळूच त्यांनी चपला काढल्या.

"हे पाळीव प्राण्यांत बसतच नाही," ते म्हणाले. आवाज खाली आला होता. "हा देखावा आहे. हे उत्सवात बसतं. उत्सवाला मी माझ्या अधिकारात परवानगी देऊ शकतो."

"मग द्या ना!"

"दिली. पण उत्सव म्हटला की सगळ्यांना खुला."

मी 'हो, हो' म्हणालो. विम्याच्या कंपनीत आयुष्य गेलेल्या माणसाने 'पण' या शब्दानंतरचं वाक्य ऐकायला हवं होतं.

दुपारपर्यंत गॅलरीत बांबू बांधले गेले. 'कार्यकर्ता' लिहिलेले गणपतीतले बिल्ले पेटीतून बाहेर आले. ज्याच्या छातीवर बिल्ला लागला त्याचा आवाज आपोआप बदलला. "चला, पुढे चला, थांबू नका! ताई, फोटो एकच!" मुखदर्शनाची रांग जिन्यावरून खाली, तिथून वाडीच्या तोंडाशी. चरणस्पर्शाची वेगळी रांग लावायची रमाकांतांची कल्पना मी हाणून पाडली. तेवढीच त्या दिवशीची माझी कामगिरी. मीराकाकूंनी सवयीने दुर्वा आणल्या. नीट निवडून, जुड्या बांधून, ताटात. पुढच्या गल्लीतल्या एका बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "हे नवसाला पावतात का हो?"

"ऑपरेशन झालेलं आहे," मी म्हणालो.

आणि खरं सांगायचं तर मीही भारावलो होतो. लोक दाराशी येत, आत बघत आणि एकदम गप्प होत. ज्या चाळीत नळाच्या पाण्यावरून रोज युद्ध होतं, तिथली माणसं आमच्या दारातून पावलं न वाजवता जात होती. मनू-नील माथ्यावर निश्चल बसले होते, कान पाठीला चिकटवून.

"किती शांत!" लोक म्हणत. "ध्यान लागलंय."

संध्याकाळ उतरायला लागली तेव्हा माझं लक्ष ताटाकडे गेलं. दुर्वांना तोंडसुद्धा लागलेलं नव्हतं. गवताची जुडी जशीच्या तशी. मी गुणाजीकाकांना म्हणालो, "काका, हे खात नाहीत."

"कलाकार स्टेजवर खायत नाय," ते म्हणाले.

मी अनुजाबाईंना फोन केला. त्या पुण्याला होत्या. उद्या सकाळी थेट येते म्हणाल्या. "पण मला सांगा, त्यांना लपायला काय केलंय?"

मी चंद्राकडे बघितलं. त्या एवढ्या मोठ्या चंद्रावर लपायला काहीही नव्हतं. सगळा चंद्र समोरून बघण्यासाठी होता. आमच्याकडे एखाद्यावर जीव जडला की त्याला उंच बसवतात, दिवे लावतात आणि समोर रांग धरतात. प्रेमाची दुसरी रीत आम्हाला शिकवलेलीच नाही. आणि ज्यांच्यावर हे प्रेम चाललं होतं त्यांच्या रक्तातच, कुणी टक लावून बघितलं की आता आपल्याला खाणार, एवढं एकच लिहिलेलं. ते ध्यान नव्हतं. ते भीतीने गोठले होते. मी रमाकांतांच्या पाया पडून दर्शन बंद करवलं, दिवे मालवले, दार ओढून घेतलं. अंधारात भीती गेली की खातील, असं अनुजाबाईंनी फोनवर सांगितलं होतं.

रविवारी सकाळी दार उघडलं तर माथा रिकामा होता.

दुर्वांचं ताटही रिकामं होतं, पण काल दिवे मालवताना मीराकाकूंनीच त्या उचलल्या असतील असं मला वाटलं. ससे दिवाणाच्या जागी नव्हते, मोरीत नव्हते, पिंपामागे नव्हते. शोकेसमागे बघावं तर तिथे आकाश. अर्धी चाळ शोधायला लागली, उरलेली अर्धी रांगेत उभी राहिली. कार्यकर्ते सांगत होते, "मूर्ती आत्ता जागेवर नाहीये, थोडा वेळ लागेल." कुणी म्हणालं वरच्या मजल्यावर गेले असतील. कुणी म्हणालं खाली रस्त्यावर. तो 'खाली' शब्द ऐकताच मी गॅलरीच्या कठड्यावरून वाकून बघितलं.

आणि नेमकी तेव्हाच प्रिती आली. हातात मोठी वेताची टोपली, आत मऊ पंचा अंथरलेला. "ताई, मला वाटलं घरी तुम्ही दोघंच असाल. ही एवढी गर्दी कसली गं?"

मी पद्मजाला बाजूला घेतलं. "हे बघ, सापडले की प्रितीबरोबर दे पाठवून. वसईला आहे ते सगळं बरोबर आहे. मला काही नको. कालपासून त्यांनी माझ्यासमोर एक काडी खाल्लेली नाही. जिवंत असले म्हणजे झालं."

पद्मजा माझ्या पायांकडे बघत होती: एक घरची चप्पल, एक मोरीतली.

अनुजाबाई आल्या त्या थेट स्टेशनवरून, पाठीला सॅक. चंद्र बघून क्षणभर त्याही थबकल्या. मग म्हणाल्या, "सगळे दिवे बंद. मोटर बंद. आणि सगळ्यांनी पूर्ण गप्प राहायचं."

"शांतता राखा! शांतता राखा!" रमाकांतांनी गणपतीच्या लाऊडस्पीकरवरून सगळ्या वाडीला कळवलं. त्यांच्या हातातून माइक काढून घ्यावा लागला.

मग खरोखरच शांतता झाली. पृथ्वी एक शेवटचा हेलकावा खाऊन थांबली. खोलीत आम्ही, गॅलरीत माणसं, जिन्यावर माणसं, कुणी हलेना. केळुसकर चाळ बांधल्यापासून इतकी गप्प कधी झाली नसेल. नळ ठिबकत होता तो कुणीतरी हाताने धरला.

आणि त्या शांततेत आवाज आला. कुर्रम्. थांबून पुन्हा, कुर्रम् कुर्रम्.

"चंद्रातून येतोय," मीराकाकू कुजबुजल्या आणि त्यांनी हात जोडले.

आम्ही सगळे चंद्राकडे बघत असतानाच त्याची उजवी कड हळूहळू खाली बसली. कोसळली नाही, दमलेला म्हातारा ओट्यावर टेकतो तशी टेकली. तिच्यावर रोवलेली पृथ्वीची काठी वाकली, पृथ्वी सुटली, उतारावरून गडगडत उंबरा ओलांडून गॅलरीत गेली आणि मुखदर्शनाच्या रांगेतून वाट काढत जिन्याकडे निघाली. एकाही कार्यकर्त्याला तिला 'थांबा' म्हणायचं सुचलं नाही. जिन्यावरच्या लोकांनी तिला अदबीने वाट दिली.

चंद्राला भोक पडलं होतं. अनुजाबाई जमिनीवर पालथ्या झाल्या, मोबाइलचा उजेड हाताआड धरून आत बघितलं आणि मला खुणेने बोलावलं. मी पालथा झालो. शेजारी पद्मजा झाली, चांगल्या साडीत.

आत घर होतं. सांगाड्याच्या पोकळीत त्यांनी पुठ्ठे कुरतडून वाट केली होती. मागच्या बाजूने एक दार, उतारातून दुसरं, मधे वळण. वळणानंतर एक गोल, अंधारी खोली. खाली कागदाचा मऊ चुरा पसरलेला. त्यावर मीराकाकूंच्या दुर्वा, निम्म्या खाल्लेल्या. एका कोपऱ्यात माझी डावी चप्पल. आणि तिच्यावर डोकं टेकून मनू चक्क कुशीवर पडला होता, पाय ताणून. त्याच्या पाठीला पाठ लावून नील भिंत चघळत होता.

"बघा, कसा आडवा पडलाय!" अनुजाबाई हळूच म्हणाल्या. "कसलीच भीती नसेल तिथेच ससा असा पडतो. नाहीतर आयुष्यभर बसूनच झोपतात ते. आणि इकडे लेंड्या बघा! गोल, कोरड्या, भरपूर. म्हणजे रात्रभर पोट व्यवस्थित चाललंय. काय सुरेख!"

मी त्या लेंड्यांकडे बघितलं आणि मला खरंच त्या सुरेख वाटल्या. बातमी गॅलरीत गेली. पाठोपाठ रांग पुन्हा सुरू झाली, पण या वेळी एकेक जण येऊन पालथा पडून, श्वास रोखून आत बघत होता आणि न बोलता उठत होता. रमाकांतांनी तर पोटावर झोपताना बिल्ला काढून खिशात ठेवला.

"रंग कसला वापरलाय?" अनुजाबाईंनी विचारलं.

"रंग नाय. शाडू नि खळ," गुणाजीकाका म्हणाले. "इसर्जनात इरघळात नाय तां मी हातात घेणय नाय."

मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. त्यांच्या देखाव्याची कड खचली होती, पृथ्वी दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात होती. ते गुडघे धरत खाली बसले, मग पालथे झाले. बराच वेळ आत बघत राहिले. एक डोळा मिटून, मग दुसरा. उठले तेव्हा त्यांच्या भुवईला चंद्र लागला होता.

"आतसून बरा काम केल्यानी," ते म्हणाले. मग भुवई पुसत, "आमी नेहमी भायरसूनच करतो."

प्रिती टोपली घेऊन तशीच उभी होती. "ताई, मग... नेऊ ना?"

पद्मजा साडीवरचा शाडू झटकत होती. तिने चंद्राकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे.

"प्रिती, तू चहा घे," ती म्हणाली. "त्यांचं घर आहे इथे. स्वतः बांधलंय. या चाळीत एवढं कुणाला जमलंय?"

आता बाहेरच्या खोलीत चंद्र कायमचा आहे. दिवे नाहीत, मोटर नाही, बांबू नाहीत. रमाकांतांनी उत्सवाची परवानगी अजून मागे घेतलेली नाही. उत्सव संपल्याचं कुणी जाहीर केलं नाही, असं त्यांचं म्हणणं. संध्याकाळी नळ यायच्या आधी चारदोन शेजारी येतात, दाराशी चपला काढतात आणि भिंतीला टेकून बसतात. कुणी बोलत नाही. आतून कुरकुर ऐकू येते ती ऐकतात आणि जातात. ससे रोज थोडा चंद्र खातात, त्यामुळे तो कलेकलेने उतरतोय. फारच उतरला की डिलाईल रोडहून गुणाजीकाका खळीचं डबडं घेऊन येतात आणि मागच्या बाजूने, दिसणार नाही असा, पुठ्ठा लावून जातात.

माझी चप्पल मी मागितलेली नाही.

परवा पद्मजा बँकेत जायला निघाली तर तिची उजवी चप्पल जागेवर नव्हती. तिने पलंगाखाली बघितलं, मोरीत बघितलं. मग चंद्राशी वाकली आणि भोकातून आत बघितलं. मी म्हणालो, "काढून देऊ का?"

"राहू दे," ती म्हणाली. नंतर कपाटातून लग्नकार्यातल्या चपला काढल्या, त्या घालून बँकेत गेली आणि संध्याकाळी आल्याबरोबर, पर्स खांद्यालाच ठेवून, तिने प्रितीला फोन लावला. "अगं, काही विशेष नाही," मी आतून ऐकलं. "सहजच केला. मनूने काय केलं माहितीये का?"